तेरा वर्षं आठ महिने : जळगावातल्या एका चटई कारखान्यातलं ग्रॅच्युइटीचं प्रकरण

आप्पा माझ्याकडे आले ते मार्चच्या मध्यात, रविवारी सकाळी. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पासबुक, आधार कार्ड आणि रबर लावलेली एक खिशातली डायरी. डायरीचं त्या दिवशी मला काही वाटलं नाही. पुढे सगळं प्रकरण त्या डायरीपाशी येऊन थांबलं.

आधी माझी जागा सांगतो, कारण ती लपवून हे लिहिणं बरोबर नाही. मी जळगावात लहान कारखान्यांची पीएफ, ईएसआयसी (कामगार विमा) आणि पगारपत्रकाची कामं करतो. आप्पा ज्या चटई कारखान्यात राबले, त्याची पुस्तकंही माझ्याकडेच आहेत. म्हणजे माझी फी मालक देतो. हे मी आप्पांना पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं आणि म्हटलं, तुम्ही वकील गाठा, नाहीतर युनियनवाल्यांकडे जा. ते म्हणाले, "भाऊ, तुमी आकडा तं खरा सांगशाल." त्यावर मला नाही म्हणता आलं नाही. त्याच दिवशी मालकांना फोन करून सांगितलं की आप्पा येऊन गेले, आणि हिशेब मी दोघांनाही एकच देईन. ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत. आकड्यांचं गणित मात्र जसंच्या तसं आहे.

आप्पा मूळचे अमळनेरकडचे. वडील प्रताप मिलमध्ये कामाला. ज्या गिरणी कामगारांसाठी साने गुरुजी उभे राहिले, त्यांचीच ही पुढची पिढी. वडिलांकडे गिरणीचा पास होता, नंबर होता. मुलाने जळगाव एमआयडीसीत तेरा वर्षं आठ महिने काढले, पण त्याच्याकडे कारखान्याचं नाव असलेला एकही कागद नव्हता.

1 जून 2012 ला ते लूमवर लागले. प्लास्टिकचा दाणा वितळवून पट्टी काढायची, ती लूमवर चढवायची, चटई विणायची. मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना आत काय होत असेल, ते पत्र्याखाली उभं राहिल्याशिवाय कळत नाही. 31 जानेवारी 2026 ला गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून त्यांनी स्वतःहून काम सोडलं. शेवटच्या महिन्याचा पगार हातात पडायला 12 मार्च उजाडला.

इथेच पहिली चूक झाली होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि जुने 29 केंद्रीय कायदे त्यांत सामावले. त्यांतली वेतन संहिता सांगते की कामगाराला काढलं असो की त्याने राजीनामा दिला असो, त्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं. पूर्वी ही घाई फक्त मालकाने काढलं तर होती. आता राजीनाम्यालाही तोच नियम आहे. "फुल अँड फायनल पुढच्या महिन्यात बघू" ही आपल्याकडची रीत म्हणूनच आता बेकायदा ठरते. लहान शेठना, म्हणजे आताच्या मालकांना, हे ठाऊक नव्हतं. सांगायचं काम माझं होतं, आणि मी सांगितलं नव्हतं.

ग्रॅच्युइटी, म्हणजे पाच वर्षांच्या नोकरीनंतर काम सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, मागायला आप्पा ठेकेदाराकडे गेले, कारण नावाला ते त्याचे कामगार होते. ठेकेदार म्हणाला, तुझी माझ्याकडे पाच वर्षं झाली नाहीत, काही मिळणार नाही.

कागदावर ते खरं दिसत होतं. आप्पांच्या तेरा वर्षांत तीन ठेकेदार झाले: पहिला मार्च 2017 पर्यंत, दुसरा मार्च 2021 पर्यंत, तिसरा शेवटपर्यंत. शेवटच्याकडे नोकरी भरते चार वर्षं दहा महिने. ही युक्ती जळगावात काही नवी नाही. पाच वर्षं भरत आली की ठेक्याचं नाव बदलायचं. कामगार त्याच लूमवर, त्याच पाळीत असतो. त्याला बदल कळतो तो दिवाळीला बोनसच्या पाकिटावर वेगळं नाव दिसतं तेव्हा.

मी आप्पांचं पीएफचं खातं उघडलं. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) एकच, खाली तीन आस्थापना. पहिलीतून बाहेर पडल्याची तारीख 31 मार्च 2017, दुसरीत रुजू 1 एप्रिल 2017. दुसरीतून बाहेर 31 मार्च 2021, तिसरीत रुजू 1 एप्रिल 2021. मध्ये एका दिवसाचीही फट नाही. रात्रपाळीला एका मालकाचा म्हणून आत गेलेला माणूस सकाळी दुसऱ्याचा होऊन बाहेर पडला. ठेकेदाराने पीएफ नियमाने भरला, याचं श्रेय त्याला दिलंच पाहिजे. पण त्याच नियमित भरण्यामुळे अखंड नोकरीचा पुरावा तयार झाला होता.

आता प्रश्न असा की ही नोकरी नेमकी कोणाची?

नव्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत मुख्य स्वरूपाच्या कामासाठी ठेका कामगार लावायला मनाई आहे. चटईच्या कारखान्यात चटई विणणं हे मुख्य काम नाही असं कोण म्हणेल? आप्पांच्या मुलाने मोबाइलवर हेच वाचलं होतं आणि तो फार आशेने आला होता. त्याला मला सांगावं लागलं की संहितेतला हा भाग 50 किंवा अधिक ठेका कामगार असलेल्या आस्थापनांना लागतो. या कारखान्यात ठेक्यावर आप्पा धरून 34 माणसं. माझ्या मते संहितांमधली ही सर्वांत दुखरी जागा आहे. एमआयडीसीतल्या चटया, डाळ मिल, पाइपांचे लहान कारखाने पाहा. ठेक्यावर 50 माणसं एका जागी असलेले थोडे निघतील. ज्यांना संरक्षणाची गरज जास्त, तेच आकड्याच्या जाळीतून खाली गळतात.

पण ते कलम लागत नाही म्हणून वाट बंद होत नाही. स्टील अथॉरिटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये सांगून ठेवलं आहे की ठेका नुसता देखावा असेल, तर कामगार मूळ मालकाचाच मानता येतो. आणि देखावा आहे की नाही, ते रोजच्या व्यवहारावरून कळतं. लूम कारखान्याचे, दाणा कारखान्याचा. रजेच्या चिठ्ठीवर सही कारखान्याच्या सुपरवायझरची. गेटवरचं अंगठ्याचं मशीन कारखान्याचं, त्यातली हजेरी कारखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये. ठेकेदार महिन्यातून एकदा बिल घेऊन यायचा, एवढाच त्याचा संबंध. मी लहान शेठना विचारलं, "उद्या साहेबांसमोर तुम्हाला विचारलं की आप्पांना कोणत्या लूमवर कोण लावायचं, तर काय सांगाल?" ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "नानाच लावायचे." नाना म्हणजे कारखान्याचे जुने मुनीम.

तरी त्यांच्या वकिलाने पहिला पवित्रा शून्याचाच घेतला. तोही टिकणारा नव्हता. मद्रास उच्च न्यायालयाने 1998 मध्ये मेट्टूर बिअर्डसेल प्रकरणात म्हटलं आहे की पाचव्या वर्षात 240 दिवस भरले तर पाच वर्षं पूर्ण धरायची. तो निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही, पण त्याचं वजन आहे. म्हणजे ठेकेदाराचा मुद्दा जसाच्या तसा मान्य केला, तरी शेवटच्या चार वर्षं दहा महिन्यांची पाच वर्षांची ग्रॅच्युइटी मागता येत होती. वकिलांना ते पटलं. मग बोलणी पुढे सरकली ती पगाराच्या आकड्यावर, आणि तिथे मला माझाच तक्ता समोर ठेवावा लागला.

आप्पांचा महिन्याचा पगार 20,000. त्यात मूळ आणि महागाई भत्ता मिळून 8,000, घरभाडे 4,000, वाहन भत्ता 3,000 आणि "इतर भत्ता" 5,000. पीएफ कापला जायचा 8,000 वर. हा तक्ता माझ्या आधीच्या माणसाने केला होता. मी काम घेतलं तेव्हा तो तसाच पुढे चालवला. हे मला खटकायला हवं होतं, कारण फेब्रुवारी 2019 मध्येच विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं होतं की सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता पीएफसाठी मूळ वेतनातच धरायचा. या कारखान्यात "इतर भत्ता" झाडूवाल्यापासून सुपरवायझरपर्यंत सगळ्यांना होता. त्याला नाव "इतर" होतं, पण तो सरळ पगारच होता.

नव्या संहितांनी वेतनाची व्याख्या एक केली. व्हॉट्सअ‍ॅपवर ती "मूळ पगार 50 टक्के करा" एवढीच फिरते आहे. ते अर्धंच खरं आहे, आणि त्या अर्ध्यामुळे कामगाराचं नुकसान होतं. व्याख्या आधी म्हणते की पैशात मिळणारा सगळा मोबदला म्हणजे वेतन. मग काही गोष्टी नावानिशी वगळते: घरभाडे, वाहन भत्ता, ओव्हरटाइम, कमिशन, मालकाचा पीएफ वगैरे. आणि शेवटी म्हणते की वगळलेल्या गोष्टींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर जास्तीचा भाग पुन्हा वेतनात घ्या. या यादीत "इतर भत्ता" नाही. म्हणून आप्पांच्या बाबतीत वगळायचे फक्त घरभाडे आणि वाहन भत्ता, 7,000. ते 10,000 च्या आतच आहेत. वेतन 13,000. "पन्नास टक्के" वाल्यांच्या हिशेबाने ते 10,000 झालं असतं.

आता गणित करू. ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटच्या वेतनाला 26 ने भागायचं, 15 ने गुणायचं, मग वर्षांनी गुणायचं. सहा महिन्यांहून जास्त उरलेला तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून तेरा वर्षं आठ महिन्यांची चौदा वर्षं. जुन्या 8,000 वर ते येतात 64,615. व्हॉट्सअ‍ॅपच्या 10,000 वर 80,769. आणि 13,000 वर दिवसाचे 500, वर्षाचे 7,500, चौदा वर्षांचे 1,05,000. आप्पांनी काम संहिता लागू झाल्यावर सोडलं, आणि ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर मोजतात. त्यामुळे नवा आकडा सगळ्या चौदा वर्षांना लागतो.

मी हा कागद लहान शेठच्या टेबलावर ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्यांना आप्पांचे लाखभर रुपये जड नव्हते. त्यांनी लगेच कॅल्क्युलेटर घेतला. 34 माणसं, सरासरी आठ वर्षं धरा: 20,40,000. शिवाय पीएफ 13,000 वर गेला की माणशी 600 जास्त, 34 जणांचे महिन्याला 20,400. "एवढं चटईत सुटतं का, सांगा तुम्ही," ते म्हणाले. मला त्यांचं वाईट वाटलं. वीजबिल, दाण्याचा भाव, उधारीत अडकलेला माल, हे सगळं मी त्यांच्या पुस्तकात दर महिन्याला बघतो. पण हे 20 लाख काही आज उगवलेले नाहीत. ते दर वर्षी थोडे थोडे साचत होते, फक्त कुठल्याच वहीत लिहिले जात नव्हते. एलआयसीची समूह ग्रॅच्युइटी योजना आहे, दर वर्षी हप्ता भरला की ओझं एकदम अंगावर येत नाही. हे मी मोठ्या शेठच्या वेळीच सांगायला हवं होतं.

वर्षांचा वाद उरला. पीएफ सुरू झाला जून 2014 पासून. तिथून मोजलं तर अकरा वर्षं आठ महिने, म्हणजे बारा वर्षं, 90,000. एवढं द्यायला शेठ तयार झाले. आधीच्या दोन वर्षांचा काही पुरावा नाही, असं वकील म्हणाले. पगार रोख, ना पीएफ ना ईएसआयसी, अंगठ्याचं मशीन नंतर आलं. प्रश्न 15,000 रुपयांचा होता.

आप्पांनी तेव्हा ती डायरी काढली. एका बँकेची भेट आलेली, मेणकापडी वेष्टणाची, कडा पट्टीच्या तेलाने काळ्या झालेल्या. तिच्यात फक्त उचल लिहिलेली. तारीख, रक्कम, कशासाठी, आणि पुढे देणाऱ्याची सही. पहिल्या पानावर पहिलीच नोंद जुलै 2012 ची: 500 रुपये, मुलाचा गणवेश. पुढे ऑगस्टमध्ये 300, दवाखाना. ऑक्टोबरमध्ये 1,000, दिवाळी. प्रत्येक ओळीपुढे तीच बारीक, उजवीकडे कललेली सही. वकिलांनी डायरी हातात घेतली, पानं चाळली आणि विचारलं, ही सही कोणाची?

नाना दारात चहाचा ट्रे घेऊन आलेल्या पोऱ्यामागे उभे होते. ते पुढे आले, चष्मा वर केला, डायरी डोळ्यांजवळ नेली. अहिराणीत म्हणाले, "मन्हीच शे," म्हणजे माझीच आहे. आणि मग शेठकडे बघून मराठीत, "उचल मीच द्यायचो, शेठ. मोठ्या शेठच्या सांगण्यावरून. कारखान्याच्या गल्ल्यातून."

कारखान्याच्या गल्ल्यातून. या दोन शब्दांनी दोन गोष्टी एकदम सिद्ध झाल्या: आप्पा 2012 पासून कामावर होते, आणि ते कारखान्याचेच होते. नानांना हे कळत नसेल असं मला वाटत नाही. अजून त्यांना त्याच कारखान्यात रोज जायचं आहे, आणि तरी ते बोलले.

आप्पा तोवर फार बोलले नव्हते. तेव्हा एवढंच म्हणाले, "हाऊ मन्हा घामना पैसा शे." आवाज चढवून नाही, सांगायचं म्हणून सांगितलं.

प्रकरण कामगार न्यायालयात गेलंच नाही. लेखी अर्ज, लेखी पोच, आणि 1,05,000 रुपये एकरकमी थेट खात्यात. सोबत शिल्लक रजेचे पैसे. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून 30 दिवसांत द्यायची असते, उशिरावर व्याज लागतं. ते व्याज आप्पांनी सोडून दिलं. मी त्यांच्या जागी असतो तर सोडलं नसतं, पण ते म्हणाले, नानांच्या समोर आता ताणायचं नाही.

एक गोष्ट सुटली, ती मला अजून सलते. डबल पाळीचा पैसा आप्पांना तेरा वर्षं एकेरी दराने मिळाला. कायद्याने ओव्हरटाइम दुप्पट. वेतन संहितेप्रमाणे देणी देऊन झाली हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे आणि दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. निदान मागच्या काही वर्षांचं मागता आलं असतं, अंगठ्याच्या मशीनमध्ये वेळा होत्या. आप्पांना ते नको होतं. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये कारखान्यात दिवसाचे तास नऊवरून बारापर्यंत नेण्याला आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा 115 वरून 144 तास करण्याला मान्यता दिली. तास वाढणार असतील तर दुप्पट दराची नोंद आधी नीट व्हायला हवी, हे मी आता प्रत्येक कारखान्यात सांगतो आहे.

आप्पांचं झालं. 33 जण राहिले, आणि त्यांच्याबाबतीत जे चाललं आहे ते मला आप्पांच्या प्रकरणाहून मोठं वाटतं.

नव्या संहितेप्रमाणे प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र द्यायचं आहे. ज्यांना आधी दिलेलं नाही त्यांना संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत, म्हणजे फेब्रुवारी 2026 पर्यंत द्यायचं होतं. आमच्याकडे ते उशिरा, आप्पांनंतर सुरू झालं. शेठ तयार होते. ठेका बंद करून सगळ्यांना कारखान्याच्या नावावर घ्यायचं, असंही त्यांनी ठरवलं. मग वकिलांनी पत्राचा मसुदा पाठवला. छान होता: पद, वेतन, कामाचे तास, रजा, सगळं. फक्त "रुजू झाल्याचा दिनांक" या रकान्यात सगळ्यांना एकच तारीख: 1 एप्रिल 2026.

मी तो मसुदा परत पाठवला. दहा वर्षं लूमवर असलेल्या माणसाने त्या पत्रावर सही केली, तर त्याची दहा वर्षं त्याच्याच सहीने पुसली जातात. ज्या कागदाने त्याला आधार द्यायचा, तोच त्याच्या विरुद्ध पुरावा होतो. आणि कामगार सही करतोच, कारण आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या नावाचं, कारखान्याच्या शिक्क्याचं पत्र मिळत असतं. तो तारीख बघत नाही, नाव बघतो. काहीजण आता ठरावीक मुदतीच्या नेमणुकीकडेही वळत आहेत, कारण तिथे एक वर्षाच्या नोकरीवरही ग्रॅच्युइटी मिळते. नव्या भरतीसाठी ते ठीक आहे. जुन्या माणसाला तशा पत्रावर आणायचं असेल, तर आधीचा हिशेब पूर्ण चुकता करून, लेखी करूनच.

शेठशी दोन दिवस वाद झाला. त्यांचं म्हणणं, जुनी तारीख लिहिली तर ते 20 लाख मी स्वतःच्या सहीने कबूल करतो. मी म्हटलं, पीएफच्या खात्यात त्या तारखा आहेतच. तुम्ही नवी तारीख लिहिली तर देणं कमी होणार नाही, फक्त उद्या कोणी तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "नाना काय म्हणतात?" नानांना बोलावलं. ते म्हणाले, जो ज्या दिवशी आला तो दिवस लिहा.

22 जणांच्या तारखा पीएफवरून मिळाल्या, त्या पत्रांवर लिहून झाल्या. 11 जण जून 2014 च्या आधीचे आहेत. त्यांच्यातल्या कोणाकडे डायरी नाही. नाना गेल्या आठवड्यापासून जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे आठवून लिहीत आहेत: हा यावलचा, केळीच्या वादळाच्या वर्षी आला. तो चोपड्याचा, आपल्या नव्या शेडचं पूजन झालं त्यानंतर. हे दोघं भाऊ एकाच दिवशी, गणपती बसले होते तेव्हा. शेडच्या पूजनाची तारीख बांधकामाच्या परवानगीवरून काढली, दोघांची सोय झाली. चार नावांपुढे नानांनी अजून प्रश्नचिन्ह ठेवलं आहे. त्या चौघांना रविवारी सुट्टीच्या दिवशी बोलावलंय. घरात शाळेचा दाखला, दवाखान्याची चिठ्ठी, लग्नाची पत्रिका, जे काही त्या वर्षाचं सापडेल ते घेऊन या, असं सांगितलं आहे. आप्पाही येणार आहेत. त्यांच्या बाजूच्या लूमवर कोण कधी लागलं, ते त्यांना आठवतं म्हणतात.